आकडीची तीन मिनिटं

दौंड तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक, आम्ही तीन शिक्षक आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी, एवढाच स्टाफ. एका शनिवारी मुलं घरी गेल्यावर शिरूरहून एक निवृत्त नर्स आल्या. एखाद्या मुलाला अचानक काही झालं, तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते शिकवायला.

मावशी भांडी घासून पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. सिस्टरांनी त्यांनाही आत बोलावलं. "सतरंजीवर नगं, हितंच बरी हाय," म्हणत त्या उंबऱ्याशी टेकल्या.

आकडीचा विषय निघाला. सिस्टर म्हणाल्या, "मुलाला दाबून धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. आजूबाजूचं सामान सरकवा, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच एकशे आठ."

"आन् कांदा हुंगवायचा न्हाई? चप्पल?" मावशींनी विचारलं.

आमच्यातलं कुणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. "त्यानं काही होत नाही, मावशी. आकडी बहुतेक वेळा आपली आपणच थांबते."

मावशी हळूच म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भनीला यायची. आमी दातात चमचा घालायचो. मीच धरायची तिला, घट्ट. एकदा तिचा दात तुटला. लई रडली ती. तवा आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

सिस्टर उठून त्यांच्याजवळ उंबऱ्यावर जाऊन बसल्या. "तुम्ही धरलंत ते मायेनंच ना," एवढंच म्हणाल्या.

दिवाळीनंतर माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी दाखल झाली. आईबाप उत्तर प्रदेशातून गुऱ्हाळावर कामाला आलेले. पाढे म्हणता म्हणता एके सकाळी ती बाकावरून खाली कलंडली. हातपाय ताठ, डोळे वर. मला सगळं तोंडपाठ होतं, तरी माझे पाय जागचे हलेनात. मी नुसती मावशींना हाक मारली.

त्या धावत आल्या. बाक लांब ढकलला, पदराची घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवली. "बाई, घड्याळ बघा," म्हणाल्या. त्या आवाजानं मी भानावर आले. शेजारच्या वर्गातले सर हातात चप्पल घेऊनच आले होते. मावशींनी मान वर न करता सांगितलं, "सर, न्हाई." सरांनी चप्पल खाली टाकली आणि मुलांना बाहेर लिंबाखाली नेलं.

तीन मिनिटं झाली. झटके थांबले तशी आम्ही दोघींनी तिला कुशीवर वळवलं. तिचा फ्रॉक ओला झाला होता. मुलं परत यायच्या आत मावशींनी तो काढून तिला आपल्या शालीत गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडले. "घर जाना है."

"जाऊ हं, बाळा. आई येतीया."

निरोप मिळताच आई आली ती उसाच्या चिपाडाची धूळ अंगावर घेऊनच. लेकीला बघून तिनं आधी मलाच विचारलं, "मॅडम, नाम काट देंगे क्या?" आधीच्या गावातल्या शाळेनं घरीच ठेवायला सांगितलं होतं, म्हणून तिनं आम्हाला आजार कळू दिला नव्हता. गोळ्या संपूनही महिना झाला होता.

मुख्याध्यापकांनी हजेरीपट तिच्यासमोर उघडून लेकीच्या नावावर बोट ठेवलं. "ये नाम इधरही रहेगा," ते आपल्या मराठी हिंदीत म्हणाले. त्याच दुपारी मायलेकींना त्यांनी आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

दोन दिवसांनी मुलगी शाळेत आली. मावशींनी फ्रॉक धुऊन घडी घालून ठेवला होता. तो कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी वर्तमानपत्रात बांधून तिच्या दप्तरात सरकवला. तिच्या आईला आम्ही चहाला थांबवून घेतलं. गोळी कधी, किती, दवाखान्यात परत कधी जायचं, ते ती सांगत होती आणि मी लिहून घेत होते. अर्ध्यातच ती थांबली आणि खिडकीतून वर्गाकडे बघू लागली. लेक पाढे म्हणत होती, सगळ्यांच्या थोडी मागून.