वॉर्मअपला जागा नाही

मी एसटीत कंडक्टर आहे, त्यामुळे भांडण मला नवं नाही. सुट्ट्या पैशांवरून, खिडकीच्या जागेवरून, अर्ध्या तिकिटाच्या पोराच्या वयावरून रोज कुणी ना कुणी अंगावर येतं. तो राग स्टँडवरच उतरतो आणि मी मोकळ्या डोक्यानं घरी जाते. परभणीच्या स्केटिंग रिंकवर जे भांडण झालं, त्याचा राग मात्र वर्ष होत आलं तरी उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. ती चाकांच्या बुटांवरचं फिगर स्केटिंग करते. स्केटिंग म्हटलं की लोकांना शर्यत वाटते. हे तसं नसतं. जमिनीवर रंगानं मोठी वर्तुळं आखलेली असतात, त्या रेषेवरून एका पायावर तोल धरून फिरायचं. दुसरा पाय टेकला की गुण गेले. मग गाण्यावर उड्या आणि गिरक्या. सोनपेठात हे करणारी ती एकटीच. तिचे पप्पा मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतात, ते तिच्या चाकांची बेअरिंगं पेट्रोलमध्ये धुऊन देतात. दर रविवारी ती परभणीला सरांकडे शिकायला जाते आणि बाकीचे दिवस आमच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, सिमेंटच्या ओट्यावर सराव करते.

सोयाबीन निघालं की तो ओटा बंद. सगळीकडे माल वाळत पडलेला, आणि चाकाखाली एक दाणा आला तरी माणूस कुठल्या कुठे जातो. गेल्या वर्षी स्पर्धा नेमकी त्याच दिवसांत आली. ओट्याचा एक कोपरा तरी सोडा म्हणून मी आडत्याकडे गेले. पोरीला चाकं लावून नाचवायचंच असेल तर पुण्याला जाऊन राहा, असं तो मला हिशेबाच्या गादीवरून न उठता म्हणाला. मग ती दोन-तीन आठवडे गच्चीवर नुसत्या पायांनी उड्या मारत राहिली.

त्याच्या आदल्या वर्षी तिचा हात मोडला होता. याच जिल्हा स्पर्धेत, याच रिंकवर. तासन् तास खुर्चीवर बसवून ठेवलं आणि मग एकदम नाव पुकारलं. अंग आखडलेलं. दुसऱ्याच उडीला ती मनगटावर पडली. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज मी पहिल्या रांगेत बसून ऐकला. प्लास्टर घालताना हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी अंग मोकळं करून घेतलं नव्हतं का? तोच प्रश्न मी स्पर्धेच्या सचिवांना विचारला, तर ते म्हणाले, खेळात पडझड होतेच. तेव्हा मी गप्प बसले, कारण पोर कळवळत होती. पण घरी आल्यावर मी तिला आणि तिच्या पप्पांना सांगून टाकलं, की यापुढे वॉर्मअप झाल्याशिवाय ही रिंकवर उडी मारणार नाही. तिनं मान हलवली होती.

तर गेल्या वर्षी आम्ही सकाळी लवकर पोचलो. रिंकचा फ्लोअर छान गुळगुळीत, वर पत्रे, कडेला लोखंडी कठडा. त्यातल्या अर्ध्या फ्लोअरवर स्टेज बांधलेलं, त्यापुढे लाल गालिचा आणि सोफे. उरलेल्या अर्ध्यात फिगरची वर्तुळं होती, आणि त्या वर्तुळांत एक शिक्षिका दोन बायकांना हाताशी घेऊन रांगोळी भरत होती.

आधी मला कळेचना काय चाललंय. मग बाई स्वतःच कौतुकानं म्हणाली, इतकी गोल वर्तुळं कुणीतरी आधीच आखून ठेवली म्हणून बरं झालं, नाहीतर दोरी धरून आखायला तास गेला असता. एका वर्तुळात मोर झाला होता, दुसऱ्यात कमळ. रंग झकास होते, ते नाकारत नाही. पण रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा. चाकात गेला की बेअरिंग जाम होतं आणि फ्लोअरवर पसरला की पाय निसटतो. मी तिला सांगितलं, की या रेषा मुलींच्या परीक्षेच्या आहेत, रांगोळी काढा हवी तर दारात.

"शुभकार्याची रांगोळी पुसायला सांगायलात व्हय?" ती म्हणाली. "तुमी कोन?"

मी कोण हे सांगायच्या आत सचिव आले. पाहुण्यांनी बघितल्याशिवाय रांगोळीला हात लावायचा नाही, उद्घाटन झालं की झाडून घेऊ, असं त्यांनी ठरवून टाकलं. मुलींनी वॉर्मअप कुठे करायचा असं विचारलं, तर पार्किंगकडे बोट दाखवलं. पार्किंग म्हणजे मुरूम आणि त्यावर मोटारसायकली. तिथं चाकं फिरवायची म्हणजे चाकांची वाट. हे बोलून दाखवल्यावर ते हसले आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, परभणीत वॉर्मअप कशाला पाहिजे, पत्र्याखाली बसलं तरी माणूस गरम होतो. लोक हसले. काही पालकही हसले. मी त्यातल्या एकेकाचं तोंड लक्षात ठेवलं आहे.

पाहुणे आले ते दुपार होताना. मग हार, शाल, श्रीफळ, पुन्हा दुसऱ्या कुणाला हार. नारळ फ्लोअरच्या कडेलाच फोडला आणि पाणी आत वाहत गेलं. भाषणात पाहुणे म्हणाले, की आपल्या मातीतली मुलं ऑलिंपिकला गेली पाहिजेत. त्या मातीतली मुलं तेव्हा कठड्याबाहेर चाकांचे बूट घालून उभी होती. भाषण झालं, पाहुणे बुटांसकट रांगोळीभोवती फिरले, मोराशेजारी फोटो काढला आणि एकही मुलगी फिरताना न बघता निघून गेले.

मग रांगोळी झाडायला घेतली. कोरड्या झाडूनं. म्हणजे जी दोन वर्तुळांत होती ती सगळ्या फ्लोअरभर झाली. मग ओल्या फडक्यानं पुसलं, तर चिखल झाला. मग पुन्हा पाणी, मग टेबलफॅन लावून वाळवणं. माझी मुलगी कठड्याला धरून पाय ताणत होती आणि सारखी माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी करणार हे तिला कळलं असावं, कारण ती दोनदा येऊन सांगून गेली, की मी जागच्या जागी पळतेय, तेवढं पुरतं, तू शांत राहा.

फ्लोअर वाळला आणि सचिवांनी माइकवर जाहीर केलं, की उशीर झाल्यामुळे वॉर्मअप होणार नाही. संध्याकाळी रिंक दांडियाच्या क्लासला भाड्यानं दिलेला होता, तो वेळेवर सोडायचा होता. पहिला नंबर पुकारला. चिठ्ठ्यांत पहिला नंबर माझ्याच मुलीचा निघाला होता.

माझं डोकं फिरलं. सकाळपासून वेळ होता तो हारांना होता, मोराला होता, दांडियाला होता. पोरींच्या हाडांना दहा मिनिटं नव्हती. मी चप्पल काढली, तेवढी अक्कल मला आहे, एक प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि फ्लोअरच्या मधोमध टाकून बसले. घंटी मी मारल्याशिवाय गाडी हलत नाही, हे माझं रोजचंच काम आहे.

सचिव आधी गोड बोलले. ताई, असं करू नका. मग ताईची बाई झाली. मी एवढंच म्हणत राहिले, की सगळ्या मुलींना दहा मिनिटं वॉर्मअप द्या, मी उठते. सर कठड्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, मॅडम, जाऊ द्या, मला इथं वर्षभर काम करायचंय. मला त्यांचाही राग आला. खरं तर त्यांचा जास्त आला, कारण हात मोडला तेव्हा तिला उचलून रिक्षात घालणारे तेच होते.

सगळ्यात मोठा आवाज काढला तो एका मुलीच्या वडिलांनी. परभणीतले, कापडाचं दुकान असलेले.

"खामखा तमाशा लावलाय," ते म्हणाले. "तुमच्यामुळं आमच्या पोरीचं नुकसान व्हायलंय. उठा ना गुमान."

तुमच्या पोरीसाठीच बसले आहे, असं मी त्यांना सांगितलं. कुणी सांगितलं होतं बसायला, असं ते म्हणाले. बाकीचे पालक मोबाईलवर माझा व्हिडिओ काढत होते. माझ्या बाजूनं एक माणूस बोलला नाही, एक बाईसुद्धा नाही. रांगोळीवाली शिक्षिका मात्र बोलली, की सकाळी अपशकुन केला तो हिनंच.

शेवटी सचिव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आता माइक बाजूला ठेवला होता.

"पालक फ्लोअरवर आले की खेळाडू बाद, असा नियम हाय. उठायलात, का काढू नाव?"

असा नियम आहे की नाही, मला माहीत नाही. मी मुलीकडे बघितलं. ती कठडा घट्ट धरून उभी होती आणि मान हलवत होती. ऊठ, असं तिचे ओठ म्हणत होते. हे मी अगदी स्पष्ट बघितलं. दिसलं नाही, कळलं नाही, असलं काही मी सांगणार नाही.

"काढा," मी म्हणाले. "पण दहा मिनिटं द्या."

त्यांनी दिली. माइकवर सांगितलं, की पहिला नंबर बाद, उरलेल्यांना दहा मिनिटं वॉर्मअप. मी खुर्ची उचलून बाहेर आले आणि मुली आत शिरल्या. सगळ्यात पहिली आत गेली ती कापडवाल्यांची मुलगी. ते कठड्यावर वाकून तिला ओरडून सांगत होते, घाई नको, चांगलं अंग मोकळं कर, दोन्ही पाय फिरव. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

त्या दिवशी एकही मुलगी पडली नाही. ओल राहिलेल्या कोपऱ्यात एकदोघी घसरल्या, पण सावरल्या. विभागीय स्पर्धेसाठी कापडवाल्यांच्या मुलीची निवड झाली. माझी मुलगी बुटांच्या नाड्या सोडून, मांडीवर बूट घेऊन शेवटपर्यंत बसली होती. मी दोनदा निघू या म्हणाले, ती हलली नाही. प्रत्येकीच्या फेरीला ती टाळ्या वाजवत होती.

परतीच्या गाडीत माझ्याच ओळखीचा कंडक्टर होता. त्यानं काय झालं विचारलं आणि मी भडाभडा सगळं सांगितलं. बरं केलंत, असं तो म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा कुणी तसं म्हणालं, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. सोनपेठ जवळ आलं तेव्हा ती बाहेर बघत बघतच बोलली.

"मोडला आसता तर माझा हात मोडला आसता, मम्मी. तुझा न्हाई."

मी तिला म्हणाले, तुला काय कळतंय आईचं. हे उत्तर नव्हतं, मला माहीत आहे. पण त्या सचिवांपुढून मी उठायला हवं होतं, असं अजूनही कुणी मला पटवून देऊ शकलेलं नाही. पुन्हा तसंच घडलं तर मी पुन्हा खुर्ची टाकून बसेन. हे मी घरात कितीदा तरी बोलून दाखवलं आहे आणि ती ते ऐकते.

यंदा सोयाबीन निघायच्या आधीच तिनं ओट्यावर दुप्पट सराव करून घेतला. स्पर्धा जवळ आली आहे, हे बेअरिंगं धुतलेले तिचे बूट दारात वाळताना दिसले की कळतं. तारीख तिनं सरांना विचारली, पप्पांना सांगितली, त्यांनी दुकान बंद ठेवायचं कबूल केलं आहे. मला अजून कुणी सांगितलेली नाही.