माफी न मागता बसणं

डॉक्टरांनी मला व्यक्तिमत्त्वाचा विकार असल्याचं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "मग गोळी कुठली?" गोळीपेक्षा तुमच्यासारख्या चार जणांच्या गटात बसून बोला, म्हणाले. बायको माझ्या रागाला कंटाळून मुलीसह अणदूरला माहेरी निघून गेली होती. "आधी बरे व्हा, मग बघू," एवढंच तिनं फोनवर सांगितलं होतं. म्हणून मी धाराशिवच्या एका दवाखान्यातल्या अशा गटात दर गुरुवारी जाऊ लागलो.

गट चालवणाऱ्या ताईंचा नियम होता, सल्ला द्यायचा नाही. आमच्याकडं हे जमणं अवघडच. कुणी रडायला लागलं की दुसरा लगेच नवस सांगायचा, तिसरा प्राणायाम.

एकदा गटातले वाशी तालुक्याचे एक मामा त्यांच्या भावाविषयी सांगत होते. मधेच थांबून मला म्हणाले, "पाहुणं, मी बोलताना तुमी सारखं मोबाइलात बघता. लई लागतं मनाला." मी ताडकन उठलो आणि त्यांचे पाय धरले. "चुकलं मामा, पदरात घ्या." गावात भांडण असंच मिटतं. पाय धरले की पुढं कुणी बोलत नाही.

मामांनी पाय ओढून घेतले. "सोडा आधी. माझं बोलणं अर्धंच झालंय. तुमी माफी मागता का समोरच्याच्या तोंडाला कुलूप घालता?"

सगळे हसले. ताई मात्र म्हणाल्या, "काही दिवस माफी मागूच नका. नुसतं ऐकून घ्या."

मी ऐकू लागलो. माफीच्या खाली पश्चात्ताप असेल अशी माझी समजूत होती. तिथं रागच निघाला. मग इतकी वर्षं मी घरी हात जोडत होतो, ते काय होतं?

याच घोळात अणदूरला गेलो. सासुरवाडीच्या ओसरीवर बायको बोलत राहिली. मुलीच्या वाढदिवसाला मी जेवणाचं ताट भिरकावलं होतं, तेही तिनं सांगितलं.

"एवढं बोलले तरी 'चुकलं' म्हणवत नाही? आधी निदान हात तरी जोडायचात."

"गटात सांगितलंय, माफी मागू नका म्हणून."

"म्हणजे गप्प बसलात तेबी दुसऱ्यानं सांगितलं म्हणूनच?"

'चुकलं' ओठांवर आलं होतं. खरं होतं की सवयीचं, मलाच ओळखू येईना. मी एवढंच म्हणालो, "अजून काय राहिलंय सांगायचं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या गाडीचा आवाज आला की पोरगी झोपेचं सोंग घ्यायची."

हे मला माहीत नव्हतं.

परत कधी येणार, हे मी तिला विचारलं नाही. नुसतं ऐकायचं गटात शिकलो म्हणून, की उत्तराच्या भीतीनं, मला अजून कळलेलं नाही.