घोरण्याचा हप्ता

देगलूरच्या बाजारात मकबूलभाईंचं अत्तराचं दुकान आहे. दुकानापुढून जाणाऱ्याचा हात धरायचा, मनगटावर थेंबभर खस नाहीतर मोगरा लावायचा आणि त्याला सोडून द्यायचं, हा त्यांचा धंदा. दहातले नऊजण मनगट हुंगत हुंगत निघून जातात. भाई कुणाच्या पाठीमागं पैसे मागत धावत नाहीत. आवडलं तर माणूस परत येतो, नाही तर नाही. एवढ्या सरळ कायद्यावर त्यांची अर्धी हयात गेली.

म्हणूनच घोरणं मोजणाऱ्या एका ॲपनं ‘सात दिवस फुकट’ म्हटल्यावर त्यांनी बेधडक कार्डाचा नंबर टाकला. ॲप रोज सकाळी रात्रीच्या घोरण्याचा आलेख दाखवी. तिसऱ्या दिवशी बायको जाहिदा म्हणाली, “अजी, इसके वास्ते मशीन कायकू? मैं तो शादी से मुफ्त में बता रही हूँ!”

भाईंना पटलं. त्यांनी ॲप मोबाइलमधून काढून टाकलं. हुंगून झालं, गिऱ्हाईक निघालं.

ॲपवाले मात्र निघाले नव्हते. दर महिन्याला दोनशे नव्याण्णव रुपये कापत राहिले. कापायच्या आधी इंग्रजीत मेसेज यायचा. भाई तो कर्ज देऊ करणाऱ्या मेसेजांच्या ढिगात ढकलायचे. पाच हप्ते गेल्यावर पासबुक भरून आणलं, तेव्हा उजेड पडला.

बँकेतल्या ज्योत्स्ना मॅडमनी पुढची कपात लगेच बंद केली. गेलेले पैसे परत हवेत तर तक्रारीचा फॉर्म. “चाचा, इथं खूण करा, ‘माझ्या परवानगीशिवाय पैसे कापले’. मिळून जातील.”

“पर परवानगी तर म्याच दिली की. ओटीपी ह्याच बोटानं टाकला.”

“अहो, कोण बघायला येणार आहे?”

“नसंल येत कुणी. खाली सही माझी हाय ना?”

“खरं लिहिलं तर पैसे यायचे नाहीत, आधीच सांगते.”

भाई घुटमळले. पंधराशे म्हणजे त्यांची आठवडी बाजारातली अख्खी कमाई. पेन त्या चौकोनापर्यंत नेलं, मागं आणलं. मग ‘इतर कारण’ या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: परवानगी मीच दिली. ॲप काढून टाकलं की विषय संपला, असं वाटलं. समजुतीची चूक आहे. पैसे दिले तर मेहरबानी होईल.

मॅडमनी वाचलं, कपाळाला हात लावला आणि शिक्का मारला.

काही आठवड्यांनी उत्तर आलं: ग्राहकाने स्वतः परवानगी दिल्याचे मान्य केले आहे, सबब तक्रार फेटाळण्यात येत आहे. कागद हातात देताना मॅडमच ओशाळल्या. भाईंनी तो दोनदा वाचला, जपून घडी घातली आणि घरी जाऊन जाहिदासमोर धरला.

“देखो, बँकवालों ने लिख के दिया. मकबूल सच बोल्या करके.”

जाहिदानं कागद उलटासुलटा करून पाहिला.

“फ्रेम बनाके दिवार पे लगाओ,” ती म्हणाली. “पंद्रह सौ का कागज है.”