मेरीमातेला प्रदक्षिणा

अबुधाबीला निघण्याच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. मला वाटलं, कोकम किती आणू, फणसाचे गरे तळून आणू का, असलं काही असेल. पण आसावरीने एकच अट घातली. "आई, माझ्या टूरला तू यायचंच. पण तिथे बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

उभी हयात चिपळूणच्या शाळेत मुलींना शिकवण्यात घालवलेल्या बाईला ही अट म्हणजे शिक्षाच. तरी मी ती कबूल केली, कारण प्रकरण तसंच नाजूक होतं. आसावरी कलेचा इतिहास शिकली, त्यातही मध्ययुगातल्या युरोपची चर्चं, तिथल्या मूर्ती, रंगीत काचा हा तिचा जीव की प्राण विषय. "आपल्याला काय करायचंय त्या चर्चचं?" असं आमच्याकडे झाडून सगळ्यांनी विचारून झालं. मी प्रत्येकाशी भांडले. पुढे लग्न करून ती आखातात गेली, जावई निखिल रुवैसच्या रिफायनरीत, नात रिया लहान, आणि विषय माळ्यावर गेला. अलीकडेच तिला अबुधाबीच्या मोठ्या संग्रहालयात काम मिळालं होतं, पण ते काउंटरवर बसून कानाला लावायची यंत्रं वाटायचं. तिथे इंग्रजी, अरबी, फ्रेंच, हिंदीतून माहिती सांगत फिरवतात. आसावरीने विचारलं, मराठीतून का नाही? साहेबीण म्हणाली, एकदा करून दाखव. जमलं तर दर महिन्याला मराठी टूर आणि ती पक्की मार्गदर्शक. नाही जमलं तर पुन्हा काउंटर.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. समोरून येणारा निखिल मला दिसलाच नाही, मी भलत्याच माणसाच्या हातात बॅग द्यायला निघाले होते. तो बिचारा हसून "हबीबी, नो प्रॉब्लेम" म्हणाला आणि बाजूला झाला. अल रीम बेटावर लेकीचं घर इतकं उंचावर आहे की खालच्या गाड्या पोरांनी अंगणात मांडून ठेवल्यासारख्या दिसतात. मध्ये निळंशार पाणी. आमची खाडी मातकट, त्यामुळे एवढं स्वच्छ पाणी बघून मला उगाचच शंका येत राहिली.

संध्याकाळी निखिलने कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात नेलं. तिथे गाडीतच बसायचं, हॉर्न वाजवला की माणूस येतो. करक चहा (आटवलेल्या दुधाचा, वेलदोड्याचा कडक चहा) उत्तम होता. त्याबरोबर लुगैमात (खजुराच्या पाकात घोळवलेली तळलेली गोल भजी) आले. मी सात्त्विकपणे एकच घेतला आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून बाकीचे संपवले.

घरी आसावरीची तालीम चालली होती. स्वयंपाकघरातला फ्रिज म्हणजे मेरीमाता आणि आम्ही तिघं म्हणजे पाहुणे. "तर मंडळी, ही मूर्ती साधारण आठशे वर्षांपूर्वीची..." मध्येच निखिलने पाण्याची बाटली घ्यायला मेरीमातेचं दार उघडलं.

"बाबा, यू कान्ट ओपन हर!" रिया ओरडली.

"रिया, मराठीत बोल. आजी आली आहे ना," आसावरी म्हणाली.

"आजी अंडरस्टँड्स," रिया म्हणाली, आणि ते खरंच होतं.

टूरच्या सकाळी दुबईहून महाराष्ट्र मंडळाची बस आली. त्यांच्या म्होरक्या सुलभाकाकू. दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत आपली मुलं शिकवून मोठी केली, आता फराळाचा मोठा व्यवसाय सांभाळतात. काठापदराची साडी, पायात स्पोर्ट्स शूज, आवाज खणखणीत. "यल्ला (चला), सगळे एकत्र राहा रे! ताई, तुम्ही आसावरीच्या आई ना? काय बोलते हो तुमची मुलगी, फोनवरच मी फिदा झाले!" मी नुसती मान हलवली. त्यांना मी मुकी वाटले असेन.

सगळ्यात मागे साहेबीण उभी होती, हाला नावाची लेबनॉनची बाई. उंच, गंभीर, हातात टॅब. मराठीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. तरी ती आमच्या मागोमाग येणार होती.

पहिलं दालन रंगीत काचांचं. एका फ्रेंच चर्चच्या खिडकीचा तुकडा मागून दिवा लावून भिंतीत बसवला होता. काचेचे लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले, मध्ये एक संत आणि भोवती असा निळा रंग की बघत राहावं. आसावरी म्हणाली, "ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी ही गोष्टीची खिडकी. सकाळी ऊन आलं की फरशीवर रंग पडायचे." तिचा आवाज आधी थोडा कापत होता. मग सावरला. मी ओठ घट्ट मिटून उभी होते.

पुढच्या दालनात मेरीमाता. लाकडाची, बसलेली, खोलीच्या मधोमध एकटी. मांडीवर बाळ, पण बाळासारखं नाही, छोट्या शहाण्या माणसासारखं ताठ. रंग बराचसा उडालेला, गालावर थोडी लाली उरलेली. डोळे सरळ आपल्याकडे. सगळे समोर अर्धवर्तुळात उभे राहिले, आसावरीने पाठ केलेलं सुरू केलं.

तोंड बंद ठेवायचं मी कबूल केलं होतं. पायांचं काही ठरलं नव्हतं.

देव समोर दिसला की मी हात जोडते आणि प्रदक्षिणेला निघते, हे श्वास घेण्याइतकं सवयीचं. आमच्या गावदेवीच्या देवळात गाभाऱ्याच्या मागे पोचलं की थांबून त्या भिंतीला डोकं टेकायची रीत आहे. तर मी निघाले. मागोमाग सुलभाकाकू निघाल्या, आणि त्यांच्यामागे मंडळाच्या झाडून सगळ्या बायका आणि त्यांच्यामागे नाइलाजाने पुरुष. मूर्तीच्या मागे पोचून मी थांबले आणि डोकं टेकायला वाकले.

टींऽऽ करून भोंगा वाजला. रखवालदार धावत आला. "मॅडम, पीछे! इतना पास नहीं!"

मी दचकून मागे सरले, पण जे दिसायचं ते दिसलं होतं. मेरीमातेला पाठ नव्हतीच. मानेपासून खालपर्यंत नुसती पोकळी, आत पटाशीचे घाव.

"अगं बाई, ही तर आतून पोकळ!" सुलभाकाकू मोठ्याने म्हणाल्या.

समोर आसावरी एकटी उभी होती आणि तिच्यापुढे एकही माणूस उरला नव्हता. हालाच्या भुवया वर गेल्या. लेकीला इतक्या वर्षांनी सापडलेली वाट आणि मी ती दोन पायांनी मोडली.

आसावरीने माझ्याकडे पाहिलं. मग हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि ती मागे आली, आमच्यात.

"काकू, बरोबर बघितलंत. ओंडका अख्खा ठेवला तर वाळताना तडकतो. म्हणून मूर्ती करणारा मागून गाभा कोरून काढायचा. वजनही कमी होतं, सणाला गावातून मिरवायला बरं."

"म्हणजे आपल्या पालखीसारखं?" एका काकांनी विचारलं.

"तसंच. आणि अजून एक. यात्रेच्या मोठ्या चर्चमध्ये वेदीच्या मागून अर्धगोल वाट असायची. लोक एका बाजूने आत शिरायचे, मागे संतांच्या अस्थी ठेवलेल्या असायच्या, तिथे थांबून प्रार्थना करायचे आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. आईने आत्ता जे केलं ना, ते तिथे हजारो लोक करत होते. चला, तीच वाट आपण चालू. फक्त डोकं टेकायचं नाही, नाहीतर भोंगा वाजेल."

सगळे हसले. मग तिने आम्हाला हळूहळू फिरवलं. इथे पटाशी कशी वळली, इथे बाळाचा हात नंतर बसवला, इथे मेणबत्तीचा धूर लागला. प्रश्नांवर प्रश्न. रखवालदारसुद्धा ऐकत उभा राहिला. रिया माझा पदर ओढून म्हणाली, "आजी, आई इज सो गुड!" अट होती, म्हणून मी नुसता तिचा हात दाबला. ही माझी मुलगी. हिच्या विषयाची ज्यांनी टर उडवली त्यांना आत्ता इथे आणून उभं करावंसं वाटलं.

शेवटी मंडळी पांगली आणि हाला जवळ आली. इंग्रजीत, सावकाश, मलाही कळेल असं बोलली. "मला तुझी भाषा कळत नाही, म्हणून मी पाय बघत होते. आमच्या टूरमध्ये अर्ध्या वेळानंतर पाय दाराकडे वळतात. आज एकही वळला नाही." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "मूर्तीभोवती सगळ्यात आधी फिरायला लागल्या त्या ह्याच ना?"

"माझी आई," आसावरी म्हणाली.

"पुढच्या महिन्यात मराठी टूर लाव. आणि ते चालणं ठेव." एवढं बोलून ती गेली. जाताना मात्र मूर्तीपाशी थांबली आणि एकटीच मागून फिरून आली.

"आई, आता बोल," आसावरी म्हणाली. मला एक शब्द सुचला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

चिपळूणला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गावदेवीला गेले. प्रदक्षिणा घालत मागे पोचले, गार भिंतीला डोकं टेकलं. इतकी वर्षं इथे थांबते, पण पलीकडे देवीची पाठ कशी असेल हे कधी मनात आलं नव्हतं. दूर वाळवंटातल्या एका शहरात, परक्या देशातल्या लाकडी आईच्या पाठीमागे उभी राहून माझी लेक माझ्याच भाषेत ते समजावून सांगते आहे, याचा अभिमान मी लपवणार नाही. लपवायचा कशाला?

बराच वेळ झाला तसे गुरवदादा दिवा घेऊन मागे आले. "बाई, बरं आहे ना? आज मागे एवढा वेळ?"

"बरं आहे दादा," मी म्हटलं. "देवाच्या मागे काय असतं, ते माझी मुलगी शिकवते. बसा, सांगते."

आणि यावेळी अट नव्हती.