अकरावं भोक

पहाटेपासून धुकं इतकं दाट होतं की दुकानासमोरचा खांबही दिसेना. वायरमन एका स्कूटरचा हॉर्न खोलून बसला होता. मागच्या खोलीतून बायको आली, हातात त्याचा कालचा शर्ट.

“अहो, खिशात हे काय घेऊन फिरता? जावयाला अंगठी करायचीय का?”

तिच्या तळहातावर रबराची कडी होती. वायरमनने हातातला हॉर्न खाली ठेवला.

डॉक्टरांची साठ वर्षांची विलायती स्पोर्ट्स गाडी. दोन महिने खपून त्याने तिची नस न् नस बदलली होती. पत्र्याला भोक तिथे कडी, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. अकरा भोकं, अकरा कड्या, मोजून घेतलेल्या. काल शेवटचं भोक उरलं, तेवढ्यात डॉक्टर चहा घेऊन आले आणि हा गप्पांत रमला. त्या भोकातून जाणारी तपकिरी वायर थेट बॅटरीची. तिला फ्यूज नाही. त्या गाड्यांची रीतच तशी. पत्र्याला टेकली की जाळ, तोही बसणाऱ्याच्या गुडघ्यांपाशी.

आणि आज सकाळीच डॉक्टर नातीला घेऊन घाटात निघणार होते.

फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. वायरमनने सायकल काढली. वाटेत कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता. त्या वासाने त्याने पॅडल आणखी जोरात मारलं.

फाटकात गाडी धडधडत उभी होती. नात आत बसलेली.

“या मिस्त्री,” डॉक्टर बॉनेटवर थाप मारत हसले, “तुमच्या या लेकीला निरोप द्यायला आलात?”

“बंद करा आधी. पोरीला उतरवा.”

त्याने बॅटरी सोडवली आणि डॅशबोर्डखाली उताणा शिरला. बोटं चाचपत वायरवर गेली. वरचं आवरण कापलेलं, तांबं उघडं, पत्रा केसभर लांब.

“कडी बसवायची राहिली. माझीच चूक,” तो आतूनच म्हणाला.

डॉक्टरांनी नातीला कडेवर घेतलं.

“आणखी कुठे राहिलंय, मिस्त्री?”

“काल विचारलं असतं तर छातीठोक नाही म्हणालो असतो. आज सांगवत नाही.”

डॉक्टरांनी किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि नातीला घेऊन घरात गेले.

वायरमनने ती वायर बदलली, कडी बसवली. मग विजेरी घेऊन गाडीच्या मागे गेला, गुडघे टेकले आणि शेवटच्या दिव्यापासून एकेक वायर ओढून बघू लागला.