सेंधव्याच्या चढावरची भाकरी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणाऱ्यांपैकी. ट्रक ड्रायव्हरांना रस्त्यात काय काय दिसतं म्हणतात, मला कधी काही दिसलं नाही. झोप कमी पडली की माणसाला काहीही दिसतं, असं मीच सगळ्यांना ऐकवायचो. म्हणून हे लिहिताना संकोच होतोय... आणि भीतीपेक्षा लाजेचा भागच यात जास्त आहे.

इंदूर मध्यभारत राज्यात होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही स्नेहलतागंजमध्ये भाड्याने राहायचो. वडील होळकरांच्या दफ्तरात कारकून. संस्थान विलीन झालं, ती नोकरीची वाट बंद झाली आणि मी ट्रक चालवू लागलो. पगार मैलावर, जितकी गाडी पळेल तितका. सेंधव्याच्या, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनांमधून रुईच्या गाठी इंदूरच्या मिलमध्ये आणायच्या. फेरा लांबचा, त्यामुळे घर बरं चालायचं.

सेंधव्याच्या अलीकडे, एका चढावर, रस्त्याला लागूनच माझ्या थोरल्या बहिणीचं घर होतं. जाताना गाडी रिकामी असायची, तेव्हा उतरून चहा घ्यायचो. येताना मात्र भरलेली गाडी चढावर थांबली तर परत उचलत नाही. म्हणून मी आधीच्या वळणावर भोंगा वाजवायचो — दोन लांब, एक आखूड. ताई भाकरी-चटणीचं गाठोडं घेऊन कडेला उभी असायची. गाडी चालूच, मी हात बाहेर काढायचो, ती गाठोडं हातात द्यायची.

मग मी गाडीमालक सेठकडे मैलाचा भाव वाढवून मागितला आणि तिथेच फसलो. सेठने नव्या गाड्या घेतल्या होत्या, नवे ड्रायव्हर कमी भावात पळायला तयार होते.

"भिया, नाराज मत होना," सेठ म्हणाले, "लंबी ड्यूटी अब नए लड़के करेंगे. तुम स्टेशन से मिल तक कोयला चलाओ. घर के पास भी रहोगे."

घराजवळ! हीच तर पंचाईत. गाडी माझी जुनीच, पण मालधक्क्यावरून मिलपर्यंत मैल ते किती होणार? आणि रस्ता आमच्याच गल्लीच्या तोंडावरून. वडिलांच्या ओळखीचं कुणी दिसलं की मी टोपी कपाळावर ओढायचो. घरात खाणारी तोंडं तेवढीच, तेव्हा "सेठकडे जेवण मिळतं" असं बायकोला सांगून डबा नेणं बंद केलं. दुपारी कोळसा भरायचा नंबर लागेपर्यंत केबिनमध्ये डोळे मिटून पडायचो. ताईला पत्र लिहिलं नाही. लवकरच स्वतःची गाडी घेतो, असं तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता कोळसा वाहतो हे कोणत्या तोंडाने कळवणार?

त्या दिवसांत एक गोष्ट व्हायची. एखाद्या दुपारी डुलकी लागायची आणि जाग यायची तर पोट भरलेलं... बोटांना लसणाच्या चटणीचा वास. उपासाने डोकं फिरलंय, असं म्हणून मी सोडून द्यायचो.

दिवाळीच्या सुमारास एक ड्रायव्हर तापाने पडला आणि सेठने मला माझ्या त्याच जुन्या गाडीसह सेंधव्याला पाठवलं. ताईला आता सगळं सांगावं लागणार, या विचाराने रस्ताभर जीव थोडा थोडा होत होता.

गाडी थांबवली. ताई बाहेर आली ती फणकाऱ्यानेच.

"आज बरा उतरलास रे वसंता! इतके महिने भोंगा वाजवायचा, हात काढायचा, गाठोडं घेतलं की चालला. तोंडसुद्धा दाखवलं नाहीस!"

"कोण?"

"कोण काय? तूच. हीच गाडी, हाच निळा दरवाजा. जातानासुद्धा कधी थांबला नाहीस. मी म्हटलं, चलो, जल्दीत असेल."

मी मान खाली घालून तिला सगळं सांगितलं. घटलेले मैल, कोळसा, बंद केलेला डबा. आणि ही गाडी इतक्या महिन्यांत इंदूरबाहेर गेलीच नाही, हेही.

ताईने केबिनमध्ये डोकावून बघितलं. मग म्हणाली, "मग माझी गाठोड्याची फडकी कुठे गेली? हिरवं लुगडं फाडून केली होती. एकही परत आलं नाही."

तिची खात्री पटावी म्हणून मी सीट उचलून दाखवली. खाली, पान्यांच्या शेजारी, हिरवी फडकी नीट घडी घालून ठेवलेली होती. त्याच खणातून मी सकाळी पाना काढला होता, तेव्हा तिथे यातलं काही नव्हतं.

ताईने एक फडकं उचललं, हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं.

"पण जेवलास ना?"

मला रडूच कोसळलं. तिच्यामागे दारातून घर दिसत होतं. भावोजींचं जिनातलं काम हंगामापुरतं, ते पावसाळ्यापासून घरीच बसलेले, ज्वारीची कणगी तळाला गेलेली. स्वतःच्या वाट्याची भाकरी ती गाठोड्यात बांधत होती.

गाडी दुसऱ्या कुणी नेली असेल, असं लोक म्हणतात. पण मालधक्क्यावरचे हमाल मला रोज त्याच केबिनमध्ये झोपलेला बघायचे. मला याचा उलगडा आजही झालेला नाही.

तो फेरा तेवढाच मिळाला. पुन्हा कोळसा, पुन्हा त्याच उपाशी दुपारी. त्यानंतर भोंगा वाजला नाही, असं ताईने पत्रात कळवलं. माझंही पोट पुन्हा तसं भरलं नाही. सांगायला लाज वाटते... ती उपाशी राहून भाकरी बांधायची हे कळल्यावरसुद्धा, केबिनमध्ये जाग आली की मी आधी बोटं हुंगून बघायचो.