आधी कडा

"गाडी मागाहून. आधी कडा बघा."

चलान कुणाचंही असो, तळमजल्यावरच्या त्या माणसाचं पहिलं वाक्य हेच. समोरच्याचा मोबाइल हातात घ्यायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, चलानावरचा फोटो दोन बोटांनी ताणून मोठा करायचा आणि गाडी सोडून फोटोच्या चारही कडांवरून सावकाश फिरून यायचं. तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी असलं चलान आलं असेल. आपण आधी दंड बघतो, मग पोलिसांना शिव्या घालतो. तो कडा बघायचा.

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला सगळे भाऊ म्हणत. मीही तोंडावर भाऊच म्हणायचो, मनात मात्र अरे-तुरे. कारण सरळ आहे, मी त्याच्यावर जळायचो. सरकारी कचेरीत जन्मभर मसुदे लिहून मी रिटायर झालो होतो. पाण्याची तक्रार असो की रेशनकार्ड, बिल्डिंगमधला प्रत्येक अर्ज माझ्या हातचा. लोक दाराबाहेर चपला काढून अदबीने आत यायचे. मग ही मोबाइलवरची चलानं सुरू झाली आणि त्या चपला तळमजल्यावर त्याच्या दारात दिसायला लागल्या. हा माणूस घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कापता कापता म्हातारा झालेला. अर्जात 'महोदय' कुठे लिहायचं हेही त्याला धड ठाऊक नव्हतं.

पण जिंकायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना हेल्मेट नाही म्हणून जुहूचं चलान आलं. बाई स्कूटर घेऊन जन्मात जुहूला गेल्या नव्हत्या. फोटोत मात्र स्कूटर तीच, रंग तोच, नंबरही तोच वाटत होता. त्याने फोटो ताणला.

"बाई, तुमच्या गाडीला आरसे किती?"

"दोन."

"हिला एकच आहे, ही कड बघा. आणि नंबरातला हा आठ नाही, तीन आहे. चिखल बसलाय."

बाईंच्या स्कूटरचा फोटो जोडून ऑनलाइन तक्रार गेली आणि चलान रद्द झालं. बाईंनी बिल्डिंगभर पेढे वाटले. माझ्या वाट्याचा मी खाल्ला, पण गोड लागला नाही.

सगळ्यांचंच चलान तो लढायचा असंही नाही. तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण सिग्नल तोडल्याचं चलान घेऊन आला. "काहीतरी करा ना भाऊ, सगळेच तोडतात यार."

त्याने फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही बाई बघ. रस्ता ओलांडत होती, तुला बघून मागे सरकलीय. फोटो खोटा असेल तर मी आहे तुझ्यासोबत. खरा असेल तर भरायचा रे."

तरुणाने मुकाट्याने दंड भरला. अशा प्रत्येक फोटोची प्रिंट काढून तो एका फायलीत लावायचा आणि समासात बारीक अक्षरात निकाल लिहायचा. 'फोटो खोटा. लढलो.' नाहीतर, 'फोटो खरा. दंड भरला.'

माझा खरा जळफळाट झाला तो माझ्याच गाडीच्या चलानावरून. मी तक्रारीचा दोन पानी मसुदा तयार करत बसलो होतो. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती मोबाइल घेऊन खाली जाऊन आल्यासुद्धा. संध्याकाळी तो स्वतः वर आला.

"साहेब, तुमचं काम होईल. पण तेवढी भाषा बघाल का? आमचं मराठी स्टुडिओतलं."

"मला वेळ नाही," मी म्हणालो. मी तेव्हा बनियनवर बसून सकाळचंच वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचत होतो. तो हसून खाली गेला. आठवड्याने माझं चलान रद्द झालं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आता सांगतो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका दुपारी त्याने आपली स्कूटर फाटकासमोर, नो पार्किंगच्या पाटीखाली उभी केली. मागे तळमजल्यावरच्या आजी बसल्या होत्या. डॉक्टरकडून आणलं होतं, गुडघे धरलेले. तो त्यांना हात देऊन आत घेऊन गेला आणि मी पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून फोटो काढला. नागरिकांनी तक्रार करायची सोय मोबाइलवर असतेच. मी लगेच फोटो पाठवून दिला. आपली वाट लावणाऱ्याची एकदा तरी वाट लागू दे, एवढंच मनात होतं.

त्याला चलान आलं. खाली बाकाभोवती सगळी बिल्डिंग जमली, मीही गेलो. "भाऊ, लढा. तुम्ही तर आजींना सोडायला दोन मिनिटं थांबला होतात," शिक्षिकाबाई म्हणाल्या. त्याने चष्मा कपाळावर घेतला, फोटो ताणला, एकेक कड बघत गेला. खालच्या डाव्या कोपऱ्यावर त्याची बोटं थांबली. बराच वेळ थांबली.

मग त्याने मोबाइल खिशात ठेवला. "फोटो खरा आहे. भरतो." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "साहेब, चहा झाला का?"

मी हो म्हणालो. पाटी आणि स्कूटर दोन्ही स्पष्ट आहेत, लढायला जागाच नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली. मला आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

गेल्या वर्षी भाऊ गेले. तेराव्यानंतर त्यांची मुलगी फाइल घेऊन माझ्याकडे आली. "काका, बाबांनी सांगून ठेवलं होतं, ही साहेबांना दे. म्हणाले, कडा बघायला कुणीही शिकेल, पण अर्ज त्यांच्याएवढा कुणाला जमत नाही."

ती गेल्यावर मी एकेक पान उलटत गेलो. शिक्षिकाबाईंची एका आरशाची स्कूटर. रस्त्यात मागे सरकलेली बाई. माझी गाडी. आणि शेवटी मी गॅलरीतून काढलेला तो फोटो. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात निळ्या रंगाच्या जुन्या डब्याची कड आली होती आणि त्यातून कोरफडीची दोन पानं वर आली होती. आमच्या सौभाग्यवतींची कोरफड. असा डबा सगळ्या बिल्डिंगमध्ये आमच्याच गॅलरीत आहे. भाऊंनी त्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता. त्या दिवशी बाकाभोवती सगळ्यांना नुसता तो कोपरा दाखवला असता, तर मला या बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायला जागा उरली नसती.

समासात माझं नाव शोधलं. नव्हतं. नेहमीचंच बारीक अक्षर होतं.

'फोटो खरा. दंड भरला.'